फाल्त्स: वाइन, किल्ले आणि जंगल यांची सहल पायरीपायरीने कशी आखावी

जर्मनीत वाइनचा प्रदेश बघायचा म्हटलं की बहुतेक भारतीय प्रवासी ऱ्हाइन नदीतली बोट पकडतात, डेकवरून किल्ल्यांचे फोटो काढतात आणि संध्याकाळी फ्रँकफर्टला परततात. पण किल्ल्यावर स्वतःच्या पायांनी चढायचं असेल, चढून झाल्यावर जंगलातल्या बाकावर बसून जेवायचं असेल आणि दुपारी द्राक्षमळ्यातून चालत एखाद्या गावात शिरायचं असेल, तर थोडं दक्षिणेला फाल्त्समध्ये जावं. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेला टेकलेला हा प्रदेश ऱ्हाइनलांड-फाल्त्स राज्यात येतो.

आखणी करण्याआधी इथला भूगोल समजून घ्या. पूर्वेला ऱ्हाइनचं सपाट, उबदार खोरं आहे. पश्चिमेला फाल्त्सरवाल्ड नावाचं घनदाट जंगल आहे, सुमारे १,८०० चौरस किलोमीटरचं. १९९२ पासून ते युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. या दोघांच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी हार्ट डोंगरांची धार उभी आहे. पश्चिमेकडून येणारा पाऊस बराचसा या डोंगरांवर अडतो, त्यामुळे पायथ्याला ऊन जास्त पडतं आणि तिथे द्राक्षांबरोबर बदाम आणि अंजीरही पिकतात. धारेच्या वर किल्ले आहेत, पायथ्याशी वाइनची गावं. म्हणून इथे रोजचा दिवस या धारेवरून आखायचा: सकाळी वर जंगलात आणि किल्ल्यावर, दुपारी खाली मळ्यात. हे जमलं की बाकीची सहल आपोआप जुळून येते.

पहिली पायरी: महिना ठरवा

मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बदामाची झाडं फुलतात आणि गावागावातले रस्ते गुलाबी होतात. गिमेलडिंगेन गावात या बहराचा मोठा उत्सव असतो, पण त्याची तारीख फुलं पाहून ठरते, त्यामुळे विमानाचं तिकीट आधी काढणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवू नये. मे-जून चालण्यासाठी उत्तम. जंगल कोवळं हिरवं असतं आणि हॉटेलांत पांढरं शतावर मिळतं, त्याचा हंगाम २४ जूनला संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात चांगलंच तापतं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मात्र या गावांना जोडणारा जर्मन वाइन रस्ता गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोकळा देतात. तो दिवस साधता आला तर साधाच.

माझी पसंती सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. नाशिकची द्राक्षं वाइनसाठी जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, इथे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. गावात शिरलं की आंबूस-गोड वास येतो, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या द्राक्षांनी भरून वायनरीकडे जाताना दिसतात. याच दिवसांत अर्धवट आंबलेली, ढगाळ रंगाची नवी वाइन मिळते. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम घट्ट नसतं, कारण आत आंबणं चालूच असतं. ती पिशवीत आडवी ठेवली तर सगळी सांडते. ऑक्टोबरमध्ये जंगलाच्या कडेला खाण्याजोगे चेस्टनट पडतात, लोक टोपल्या घेऊन ते वेचतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी बाड ड्युर्कहाइम गावात वुर्स्टमार्क्ट भरतो. नावाचा अर्थ सॉसेजचा बाजार, पण जगातला सगळ्यात मोठा वाइन महोत्सव म्हणून तो ओळखला जातो आणि लाखो लोक येतात. गर्दी आवडत असेल तर जा. शांतता हवी असेल तर त्या दिवसांत प्रदेशाच्या दक्षिण टोकाला राहा, कारण उत्तरेकडच्या खोल्या फार आधीपासून भरलेल्या असतात.

दुसरी पायरी: व्हिसा आणि पोहोचणं

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

फ्रँकफर्ट विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्थानकातून मानहाइमची जलद गाडी साधारण अर्ध्या तासात पोहोचवते. मानहाइमहून एस-बान, म्हणजे तिथली उपनगरी गाडी, आणखी साधारण अर्ध्या तासात नॉयश्टाट आन डेर वाइनश्ट्रासेला नेते. सकाळच्या विमानाने उतरलात तर दुपारचं जेवण नॉयश्टाटमध्ये सहज होतं. लुडविग्सहाफेन, हायडेलबर्ग, वालडॉर्फ किंवा कार्ल्सरूहेला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना तर यासाठी सुट्टीही टाकावी लागत नाही, शनिवार-रविवार पुरतो.

गाडी भाड्याने घ्यावी का? माझं मत, नको. वाइनच्या प्रदेशात चालकाने दिवसभर पाण्यावर राहायचं हा अन्याय आहे. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, २१ वर्षांखालच्या आणि नव्या परवानाधारकांना शून्य. मुख्य गावं रेल्वेने जोडलेली आहेत. चार-पाच जण असाल तर ऱ्हाइनलांड-फाल्त्स तिकीट घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर राज्यातल्या प्रादेशिक गाड्या आणि बस वापरता येतात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर चालतं. जलद आयसीई गाड्यांना चालत नाही, हे लक्षात ठेवा. महिनाभर जर्मनीत फिरणार असाल तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट, स्वस्त पडतं, पण ते वर्गणीसारखं असतं आणि चालू महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

तिसरी पायरी: मुक्काम एकच ठेवा

रोज बॅग भरून पुढच्या गावाला जाण्यात इथे काहीच शहाणपण नाही. जर्मन वाइन रस्ता १९३५ साली आखला गेला. उत्तरेच्या बोकेनहाइमपासून फ्रेंच सीमेवरच्या श्वायगेनपर्यंत तो जेमतेम ८५ किलोमीटरचा आहे. मधोमध बसलात की दोन्ही टोकं आवाक्यात येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने नॉयश्टाटला राहावं. चारही दिशांना गाड्या, जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या गल्ल्या, आणि स्थानकाच्या मागून थेट जंगलात जाणारी वाट. किल्ले आणि डोंगर हाच मुख्य हेतू असेल तर लांडाऊ किंवा आनवायलर बरं पडेल. झांक्ट मार्टिन आणि रोड्ट ही गावं देखणी आहेत, पण त्यांना रेल्वे नाही आणि संध्याकाळी बस लवकर संपतात. गाडी नसताना तिथे राहायचं ठरवलं तर परतीचं वेळापत्रक आधी पाठ करा.

वायनरीच्या वरच्या मजल्यावर राहण्याच्या खोल्या असतात, त्या जरूर बघा. हॉटेलपेक्षा स्वस्त असतात आणि घरमालक स्वतःच वाइन करणारा असतो. अनेक ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते.

चौथी पायरी: किल्ल्यांचे दिवस

पहिली दुपार हामबाख किल्ल्याला द्या. नॉयश्टाटहून बस जाते, जंगलातून चालतही दीडेक तासात पोहोचता येतं. जर्मन लोकशाहीची सुरुवात सांगताना या किल्ल्याचं नाव घ्यावंच लागतं. २७ मे १८३२ रोजी वीस ते तीस हजार माणसं मिरवणुकीने हा डोंगर चढली. त्यांना एकसंध जर्मनी, छापण्याचं स्वातंत्र्य आणि नागरिकांचे हक्क हवे होते. उघड राजकीय सभेला बंदी होती, म्हणून तिला उत्सवाचं नाव दिलं होतं. काळा-लाल-सोनेरी झेंडा इथे ठळकपणे फडकला आणि पुढे तोच देशाचा झेंडा झाला. त्या दिवशीचा एक मूळ झेंडा आत प्रदर्शनात आहे. वाइन करणारे शेतकरीही त्या गर्दीत होते. करांनी आणि जकातीने त्यांचं कंबरडं मोडलं होतं, हे प्रदर्शन बघताना ध्यानात ठेवा.

दुसरा दिवस ट्रिफेल्सचा, आणि तो पूर्ण द्या. नॉयश्टाटहून लांडाऊ, तिथे गाडी बदलून आनवायलर. गावातून किल्ल्याची चढण तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या साधारण निम्मी, आणि वाट सगळी सावलीतली. बाराव्या-तेराव्या शतकात हा पवित्र रोमन सम्राटांचा गड होता. साम्राज्याचा मुकुट, राजदंड आणि बाकीची राजचिन्हं काही काळ इथे ठेवली जात, आज त्यांच्या प्रतिकृती दिसतात. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतताना इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हाती सापडला. ड्यूकने त्याला सम्राट सहाव्या हाइन्रिशच्या ताब्यात दिलं आणि ११९३ च्या वसंतात तो काही आठवडे इथे कैदेत होता. त्याच्या सुटकेसाठी आलेल्या चांदीवर हाइन्रिशने सैन्य उभं केलं आणि ११९४ साली याच ट्रिफेल्सहून तो सिसिली जिंकायला निघाला.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आज उभी असलेली भव्य वास्तू बरीचशी विसाव्या शतकातली आहे. १९३८ मध्ये नाझी राजवटीने तिचं काम सुरू केलं, सम्राटांच्या वैभवाशी आपलं नातं दाखवण्यासाठी. जुना भाग मुख्यतः बुरुजात आणि पायात आहे. म्हणून ट्रिफेल्स बघून लगेच खाली उतरू नका. त्याच धारेवर पुढे आनेबोस आणि शार्फेनबेर्ग हे दोन पडके गड आहेत. तिथे तिकीट नाही, फलकही फारसे नाहीत, आणि बाराव्या शतकातला दगड खरोखर हाताला लागतो. तिन्ही मिळून अर्धा दिवस निवांत जातो. हिवाळ्यात ट्रिफेल्स बंद असतो. इतर वेळीही निघण्याच्या आदल्या दिवशी वेळा तपासा.

तिसरा किल्ल्यांचा दिवस डान गावाच्या बाजूला. मला विचाराल तर सगळ्या फाल्त्समध्ये हा भाग सर्वात विलक्षण आहे. लाल वालुकाश्माच्या भिंतीसारख्या कडा जंगलातून वर आलेल्या आहेत. आल्टडानला एकाच लांबट खडकावर आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन असे तीन गड शेजारी-शेजारी आहेत. बांधकाम कमी आणि कोरीवकाम जास्त. जिने खडकातच खोदलेले, पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. भिंतींत चौकोनी खाचा दिसतात, त्यांत लाकडी मजल्यांच्या तुळया बसवल्या जायच्या. त्या खाचा बघत गेलात की कुठे किती मजले होते ते आपलं आपल्यालाच उलगडतं. पावसानंतर हा दगड निसरडा होतो आणि पायाखाली वाळू सुटते, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट हवेतच. लहान मुलं बरोबर असतील तर वरच्या कठड्यांजवळ त्यांचा हात धरून ठेवा.

जवळच एर्लेनबाखपाशी बेर्वार्टश्टाइन आहे. तो पुन्हा बांधून काढलेला आहे आणि आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. खडकात शंभर मीटरहून खोल खोदलेली विहीर हे तिथलं मुख्य आकर्षण, मुलांना हा किल्ला सगळ्यात जास्त आवडतो. डानकडे जाण्यासाठी लांडाऊ-पिरमासेन्स गाडीने हिंटरवाइडेनटालला उतरून पुढे बस घ्यावी लागते. तिथून पुढची छोटी रेल्वे हंगामात ठरावीक दिवशीच धावते. उतरल्यावर टॉयफेल्सटिश, म्हणजे सैतानाचं टेबल नावाचा चौदा मीटर उंच छत्रीसारखा खडकही बघून घ्या.

इतके गड पडके का, हा प्रश्न पडतोच. काही १५२५ च्या शेतकरी उठावात जळाले. बाकीच्यांपैकी बरेच सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने सुरुंग लावून उडवले. त्याच मोहिमेत १६८९ साली श्पायर शहरही जाळलं गेलं. श्पायरचं अकराव्या शतकातलं लाल दगडाचं कॅथीड्रल मात्र आज उभं आहे आणि १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पावसाचा दिवस निघाला तर नॉयश्टाटहून गाडीने तिकडे जा.

पाचवी पायरी: जंगलातलं जेवण

फाल्त्सरवाल्डमध्ये चालताना सोबत भाकरी बांधून न्यायची गरज पडत नाही. फाल्त्सरवाल्ड-फेराइन ही गिर्यारोहकांची संस्था १९०२ साली स्थापन झाली. तिच्या शाखांनी जंगलभर झोपड्या बांधल्या आहेत, त्या मुख्यतः स्वयंसेवक चालवतात. या झोपडी-संस्कृतीला जर्मनीने २०२१ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

पद्धत साधी आहे. खिडकीपाशी रांगेत उभं राहायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, ताट स्वतः उचलायचं आणि जिथे जागा असेल त्या लांब बाकावर बसायचं. शेजारी अनोळखी माणसं असतातच. बसण्याआधी "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे "इथे जागा आहे का?" एवढं विचारलं की पुरतं. वाइन खळगे पाडलेल्या अर्ध्या लिटरच्या ग्लासात येते. खळग्यांमुळे ओल्या हातातूनही ग्लास निसटत नाही. मित्रमंडळी एकच ग्लास फिरवून पितात, तुमच्याकडेही येईल. नको असेल तर हसून नाही म्हटलं तरी चालतं. दुपारी मागायची असते शोर्ले, म्हणजे वाइन आणि सोडा. पण इथल्या शोर्लेत वाइनचं प्रमाण सढळ असतं आणि अर्धा लिटर म्हणजे अर्धा लिटर. उतरण बाकी असेल तर दुसरा ग्लास खाली गावात घ्या.

मांसाहारींसाठी झाउमागेन आहे, डुकराच्या पोटात मांस आणि बटाटे भरून केलेलं. जर्मनीचे माजी चॅन्सलर हेल्मुट कोल या प्रदेशाचे, त्यांनी डायडेसहाइमला परदेशी नेत्यांना आवर्जून ते खाऊ घातलं. शाकाहारी माणूसही इथे उपाशी राहत नाही. "वायसर केज" म्हणजे कांदा आणि कोवळी पात घातलेला मऊ पांढरा चक्का, तो उकडलेल्या बटाट्यांबरोबर किंवा पावाबरोबर जवळपास प्रत्येक झोपडीत मिळतो. डाम्फनुडेल ही खालून खरपूस आणि खारट, वरून लुसलुशीत अशी वाफवलेली गोळी. ती वाइनच्या गोड सॉसबरोबर किंवा बटाट्याच्या सूपबरोबर देतात. सूपमध्ये आणि कांद्याच्या केकमध्ये बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. "ओने श्पेक, बिटे" म्हणा, आणि मागवण्याआधी म्हणा.

बऱ्याच झोपड्या फक्त शनिवार-रविवार आणि बुधवारी उघडतात, अनेक ठिकाणी रोख पैसेच चालतात. नकाशावर झोपडी दिसते म्हणून ती उघडी असेल असं धरून चालू नका. वाटा रंगीत पट्ट्यांनी आणि फुल्यांनी झाडांवर खुणावलेल्या असतात. सकाळी एक खूण ठरवा आणि तीच धरून चला. संध्याकाळी पाय आणि गुडघ्यामागची बाजू गोचिडीसाठी तपासा. त्यांच्यामुळे आजार पसरतात, गवतातून जाताना लांब पँट घाला.

सहावी पायरी: वाइनची गावं आणि चव घेणं

एक दिवस डायडेसहाइमला उतरून मळ्यांतून फोर्स्टमार्गे वाखेनहाइमपर्यंत चाला. अंतर पाचेक किलोमीटर, सगळी वाट सपाट, आणि परतीला वाखेनहाइममध्ये रेल्वे आहे. फोर्स्टच्या वर डोंगरात बेसाल्टची खाण होती. तिथला काळा दगड मळ्यांत मिसळलेला आहे, पेखश्टाइन नावाच्या मळ्यात तो पायाशी दिसतो. सह्याद्री ज्या खडकाचा बनला आहे तोच हा. तो दिवसा तापतो आणि इथल्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनला वेगळी धार देतो, असं वाइन करणारे सांगतात. वाखेनहाइमला पोहोचलात की वरच्या वाखटेनबुर्गच्या पडक्या गडावर चढा, सगळं ऱ्हाइन खोरं समोर पसरलेलं असतं.

चव घ्यायला जाताना छोट्या वायनरीला आधी फोन किंवा ईमेल करावा, विशेषतः तोडणीच्या दिवसांत. रविवारी बऱ्याच वायनरी बंद असतात. समोर बसवतील तेव्हा कोरड्यापासून गोडाकडे असा क्रम असतो, तो मोडू नका. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाही अपमान नाही. आठ-दहा वाइन चाखायच्या असतील तर वापरावंच लागतं. छोट्या घरगुती ठिकाणी मनापासून चव दिली असेल तर एक-दोन बाटल्या घेऊनच निघावं.

लेबलवर सहा शब्द ओळखता आले तरी पुष्कळ. "ट्रोकन" म्हणजे कोरडी, साखर साधारण लिटरला ९ ग्रॅमपर्यंत. "हाल्बट्रोकन" म्हणजे किंचित गोडसर. "काबिनेट", "श्पेटलेझे", "आउसलेझे" हे शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकली होती ते सांगतात, वाइन गोड आहे की नाही ते नव्हे. त्यामुळे श्पेटलेझे कोरडीही असू शकते. आणि "आइसवाइन" उणे ७ अंश किंवा त्याहून थंडीत, वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची. ती महाग असते, पण एक घोट जरूर घ्या.

काय मागावं? सुरुवात कोरड्या रीसलिंगपासून करा, फाल्त्सची ओळख तीच आहे. मग ग्राउबुर्गुंडर, जी जास्त भरीव आणि कमी आंबट असते. लाल आवडत असेल तर श्पेटबुर्गुंडर. गर्द रंगाची डॉर्नफेल्डर सगळीकडे दिसेल, पण तिच्यावर थांबू नका. मसालेदार जेवणासोबत घरी उघडायची असेल तर हाल्बट्रोकन रीसलिंग घ्या, तिखटावर ती कोरड्या वाइनपेक्षा कितीतरी चांगली बसते.

संध्याकाळी दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली दिसली तर आत जा. ती वाइन करणाऱ्याच्या घरातली हंगामी खानावळ असते. कायद्याने वर्षात चारच महिने उघडता येते, म्हणून आत यजमान स्वतः वाढतो आणि पदार्थ मोजकेच असतात.

एखादा दिवस उरला तर एडेनकोबेनहून खुर्च्यांच्या रोपवेने रीटबुर्गवर जा आणि पायी रोड्टला उतरा. किंवा गाडीने सीमा ओलांडून फ्रान्समधल्या विसंबुर्गला जेवायला जा. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

शेवटची पायरी: बाटल्या घरी आणणं

भारतात परतताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर थोडं. त्या चेक-इन बॅगेतच टाकाव्या लागतात. बाटलीला फुगे असलेलं प्लास्टिक गुंडाळा, मग जाड मोजा चढवा आणि बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत ठेवा, कडेला कधीच नको. वायनरीत मागितलं तर पुठ्ठ्याची नळीही देतात. खरेदी शनिवारी दुपारपर्यंत उरका, रविवारी दुकानं बंद असतात. आणि अर्धवट आंबलेली नवी वाइन कितीही आवडली तरी ती तिथेच प्या, तिची बाटली विमानातून आणता येत नाही.